आखाड्यात न बोलावलेली माणसं

डोमाच्या किल्ल्याला साम्राज्याच्या सैन्याचा वेढा पडलेला असतो. सेनापती लिओ सरळ लढणारा माणूस आहे. पण त्याला राजधानीत परत बोलावलं जातं, आणि त्याची पाठ वळताच त्याच सैन्यातला केफ्का किल्ल्याला पाणी पुरवणाऱ्या नदीत विष कालवतो. आत आपल्याच बाजूचे युद्धकैदी आहेत, याचीही तो पर्वा करत नाही. सायन नावाचा डोमाचा योद्धा किल्ल्यात धावत जातो तेव्हा राजा अखेरच्या घटका मोजत असतो. सायनची बायको आणि मुलगा त्यांच्या खोलीत मरून पडलेले असतात. ‘फायनल फँटसी’ मालिकेतल्या सहाव्या गेममधला, १९९४ सालचा हा प्रसंग. पडद्यावर दिसतात त्या बोटभर उंचीच्या ठोकळेबाज बाहुल्या. तरीही पुढे मृतांना घेऊन जाणाऱ्या आगगाडीत ती दोघं चढतात आणि सायन फलाटावरून गाडीमागे धावतो, तेव्हा खेळणाऱ्याच्या हातून काही क्षण बटण दाबलं जात नाही.

चौदा वर्षांनी केफ्का पुन्हा भेटला तो एका आखाड्यात. १८ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे मालिकेतला पहिला गेम आला त्याला बरोबर एकवीस वर्षं झाली त्या दिवशी, स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने ‘डिसिडिया फायनल फँटसी’ हा लढाईचा गेम बाजारात आणला. सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो बनवला होता. मालिकेतल्या पहिल्या दहा गेममधून प्रत्येकी एक नायक आणि एक खलनायक निवडून त्यांना समोरासमोर उभं केलं होतं. केफ्काचे रंगीबेरंगी कपडे, त्याचं खिदळणं, वेड्यावाकड्या वाटांनी जाणारे त्याचे अग्निगोल हे सगळं इतक्या कौशल्याने रचलं होतं की त्याला घेऊन खेळणं हा निखळ आनंद होता. त्याच्यासमोर नायिका म्हणून होती टेरा, जिच्या मनाचा ताबा त्याने मूळ कथेत घेतला होता. सायन नव्हता.

त्याच्या नसण्यात मला या सगळ्या गेमप्रकाराचा मर्मबिंदू दिसतो. एका मालिकेतले, किंवा अनेक मालिकांतले, नायक-खलनायक एकत्र आणून झुंजवायची कल्पना जुनी आहे. एसएनके कंपनीच्या ‘किंग ऑफ फायटर्स’ने १९९४ मध्ये ती रुजवली, निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ने १९९९ पासून ती घराघरांत नेली. या गेमना एकच गोष्ट हवी असते: समोरासमोर येणाऱ्या दोघांना जिंकायची सारखी संधी. गाव जाळणारा आणि गाव वाचवणारा यांची ताकद इथे तराजूत तोलून सारखी करावी लागते, नाहीतर खेळात मजा उरत नाही. ही समता यांत्रिक आहे आणि आवश्यकही आहे. पण तिच्यासाठी काय विसरावं लागतं, याचा विचार बहुतेक गेम करत नाहीत. डिसिडियाने तो केला. तो पुरता तडीस गेला नाही, तरी केला, म्हणूनच त्याच्याबद्दल गांभीर्याने बोलावंसं वाटतं.

‘फायनल फँटसी’ ही सलग गोष्ट नाही, हे इथे सांगायला हवं. हिरोनोबू साकागुची यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत प्रत्येक क्रमांकाचं जग स्वतंत्र असतं. माणसं वेगळी, भूगोल वेगळा, विश्वाचे नियमही वेगळे. सातव्या गेमच्या क्लाउडला चौथ्या गेमचा सेसिल ठाऊक असण्याचं काही कारण नाही. त्यांना एकत्र आणायचं तर निमित्त लागतं. डिसिडियाचं निमित्त असं: कॉसमॉस ही सुव्यवस्थेची देवी आणि केऑस हा विसंवादाचा देव यांचं युद्ध चालू आहे, आणि दोघांनी निरनिराळ्या जगांतून योद्धे बोलावून आणले आहेत. आल्याबरोबर या योद्ध्यांच्या आठवणी पुसल्या जातात. लढता लढता त्या तुकड्यातुकड्यांनी परत येतात. युद्धाचा निकाल लागला की शिन्र्यू नावाचा महानाग मेलेल्यांना उठवतो, सगळ्यांच्या आठवणी धुऊन काढतो आणि युद्ध पहिल्यापासून सुरू होतं. पहिला डिसिडिया आपल्याला दाखवतो ते अशा युद्धाचं तेरावं आवर्तन.

लढाईच्या कुठल्याही गेममध्ये हरल्यावर पडद्यावर पुन्हा लढायचा पर्याय येतो. आपण बटण दाबतो, पडलेला उठून उभा राहतो, मघाचं काही घडलंच नव्हतं असं सगळं सुरू होतं. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. डिसिडियाच्या लेखकांनी ती उचलली आणि पात्रांच्या नशिबी घातली. खेळणाऱ्याची सोय तीच पात्रांची शिक्षा झाली. नायक-खलनायकांना कायम लढत ठेवायचं तर त्यांना मरू देता येत नाही आणि आठवूही देता येत नाही, हे या गेमने आपल्या कथेतच कबूल केलं. हा प्रकार जन्मल्यापासून जे गृहीत धरत आला होता त्यातलं क्रौर्य इतक्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

लढण्याच्या पद्धतीतही हाच विचार आहे. इथे प्रत्येक योद्ध्याला दोन आकडे असतात, एक प्राणांचा आणि एक शौर्याचा. वारही दोन जातींचे. पहिल्या जातीचा वार समोरच्याचे प्राण घेत नाही. तो त्याचं शौर्य हिरावतो आणि ते आपल्या खात्यात येतं. दुसऱ्या जातीचा वार प्राणांवर पडतो, पण त्याची ताकद त्या क्षणी जमलेल्या शौर्याइतकीच. तो वार लागला की शौर्य शून्यावर येतं आणि हळूहळू मूळ पातळीकडे सरकू लागतं. म्हणजे शत्रूला मारायचं बळ शत्रूकडूनच घ्यावं लागतं, आणि वापरलं की आपण उघडे पडतो. एखादा खलनायक घाबरून मागे मागे जात असेल तर नायकाला जिंकायला साधनच मिळत नाही. दोघं एकमेकांवर पोसलेले. गेममध्ये संवादांतून जे सांगायचा प्रयत्न होतो, त्याहून जास्त ही आकड्यांची रचना सांगून जाते. पहिल्या गेमचा खलनायक गार्लंड चिरंतन युद्धाची आस धरून बसलेला आहे. त्याची ती आस म्हणजे खेळणाऱ्याच्या बोटांना शिकवलेला नियमच आहे.

गार्लंडसमोर उभा राहतो त्या नायकाला नाव नाही. १९८७ च्या गेममध्ये चार वीर होते. त्यांचे पेशे आणि नावं खेळणारा ठरवायचा. स्वभाव, भूतकाळ, बोलणं यांतलं काहीच त्यांना दिलेलं नव्हतं. डिसिडियाने त्या रिकामेपणाला व्यक्तिमत्त्व मानलं: हा ‘वॉरियर ऑफ लाइट’ स्वतःचं नाव विसरलेला माणूस आहे, आणि आपण का लढतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसूनही तो लढतो. योशिताका अमानो यांच्या जुन्या चित्रातला शिंगांच्या शिरस्त्राणाचा योद्धा तेत्सुया नोमुरा यांनी नव्याने रेखला आणि एका कोऱ्या आकृतीला चेहरा मिळाला. जुन्या साहित्याशी इतक्या प्रेमाने वागणारे लोक व्यापारी निर्मितीत क्वचित भेटतात.

सेसिलच्या बाबतीत मात्र हे प्रेम अपुरं पडलं, असं माझं ठाम मत आहे. चौथ्या गेमचा सेसिल सुरुवातीला गुन्हेगारच असतो. राजाच्या हुकमाने तो एका निरपराध नगरीतला स्फटिक लुटून आणतो. मग त्याला एका गावी पोचवायला जी अंगठी दिली जाते तिच्यातून आग बाहेर पडते आणि मिस्ट गाव जळून जातं. रिडिया या लहान मुलीची आई त्याआधीच गेलेली असते, कारण वाटेत सेसिलने मारलेल्या नागाशी तिचे प्राण जोडलेले होते. पुढे सेसिल पर्वत चढतो, आरशासारख्या दालनात आपल्याच काळ्या रूपासमोर उभा राहतो आणि त्याच्यावर हत्यार न उचलता तावून सुलाखून बाहेर येतो. त्या प्रसंगात जिंकायचं तर वार करायचा नाही. डिसिडियामध्ये काळा सरदार आणि पवित्र सरदार ही सेसिलची दोन रूपं झाली आहेत आणि लढता लढता तो एका वारासरशी यातून त्यात जातो. युक्ती देखणी आहे. पण एका माणसाचा पश्चात्ताप हवा तेव्हा उलटा फिरवता येणारी चाल झाला, आणि रिडिया कुठेच नाही.

२०११ च्या पुढच्या भागात, ‘डिसिडिया ०१२’ मध्ये, लेखक आणखी खोल उतरले. त्यात बाराव्या आवर्तनाची कथा आहे आणि तिच्यात बाजूच बदललेल्या आहेत. तेराव्यात कॉसमॉसचा निष्ठावंत असलेला क्लाउड इथे केऑसच्या सैन्यात आहे. दहाव्या गेममधले बापलेक जेक्ट आणि टिडस उलट्या बाजूंना आहेत: बाप कॉसमॉसकडे, मुलगा केऑसकडे. मरणाच्या दारात पोचलेल्या मुलाला वाचवायला जेक्ट आपली शक्ती देतो आणि त्यापायी पुढच्या आवर्तनात त्याच्या वाट्याला शत्रुपक्ष येतो. नायक आणि खलनायक ही नावं माणसाच्या आत कोरलेली नसून कुणी कुठून बोलावलं यावर ठरतात, एवढं धाडसी विधान लोकप्रिय मालिकेतल्या झुंजीच्या गेमने करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्याच भागात लाइटनिंग ही नायिका आणि तिचे काही सोबती एका दाराशी जाऊन लढत लढत संपतात. त्या दारातून स्फटिकांच्या प्रतिकृतींचं अमाप सैन्य येत असतं, आणि त्यांच्या हातून मेलेल्याला महानाग उठवू शकत नाही. हे ठाऊक असून ते जातात. ज्यांच्यासाठी जातात त्यांना पुढच्या आवर्तनात यांचं नावही आठवत नाही.

इतकं समजलेल्या लोकांनीही मेजवानीला दोनच पंगती मांडल्या, मारणाऱ्यांची आणि वाचवणाऱ्यांची. मेलेल्यांसाठी आणि मागे राहिलेल्यांसाठी पान मांडलं नाही. १९९७ च्या सातव्या गेममध्ये सेफिरॉथच्या तलवारीने मेलेली एरिथ ‘डिसिडिया ०१२’ मध्ये आहे, पण तिला घेऊन लढता येत नाही. दुसऱ्याच्या लढाईत क्षणभर येऊन मदत करण्यापुरतीच ती आहे. सेफिरॉथ मात्र पूर्ण वैभवात आहे. २०२० मध्ये तो ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ मध्येही पोचला. खलनायक जगभर हिंडतो, आणि त्याने ज्यांना मारलं ती माणसं मूळ गोष्टीतच अडकून पडतात. परिणामी त्याचा दुष्टपणा हळूहळू कर्माचा न राहता पोशाखाचा होतो.

हे गेमच्या स्वरूपामुळे अटळ आहे, असा बचाव केला जातो. मला तो पटत नाही. अख्ख्या भारतवर्षातले वीर आणि खल एका मैदानावर आणणारी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि तिच्यात युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व आहे. गांधारी रणांगणात उतरते, एकेक देह ओळखते, विधवा झालेल्या सुनांकडे बोट दाखवते आणि खुद्द कृष्णाला शाप देते. अठरा दिवसांच्या पराक्रमाचं वर्णन करणाऱ्या ग्रंथाला ही बाई गाळता आली असती. गाळली असती तर दुर्योधन आणि भीम हे दोन तुल्यबळ गदाधारी उरले असते, इतकंच. पराक्रमाचं मोल गांधारीच्या उपस्थितीने कमी होत नाही. त्याला वजन येतं.

डिसिडियाच्या पुढच्या वाटचालीत हा प्रश्न आणखी मागे पडला. २०१५ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आणि २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेला ‘डिसिडिया एनटी’ तीन विरुद्ध तीन असा सांघिक झाला. देव नवे आले, कथा आक्रसली, आणि तिचे प्रसंग बघायचे तर आधी लढाया करून ‘मेमोरिया’ नावाचं चलन मिळवावं लागू लागलं. मूळ गेममध्ये आठवण ही दुखरी जागा होती. इथे ती कुलूप उघडायची नाणी झाली. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

ज्याच्याकडून सर्वांत कमी अपेक्षा होती त्या गेमने मात्र दार उघडलं. २०१७ मध्ये मोबाइलसाठी ‘डिसिडिया फायनल फँटसी ऑपेरा ऑम्निया’ सुरू झाला. तो समोरासमोरच्या झुंजीचा गेम नव्हता. आळीपाळीने चाली करायच्या, शौर्याचा तोच हिशोब कायम. पात्रं सोडतीतून मिळायची आणि सोडतीसाठी लोक पैसे मोजायचे. हा व्यवहार मला कधीच आवडला नाही. पण दर महिन्याला नवी पात्रं आणायची तर वीस-तीस नावं पुरत नाहीत. त्या गरजेपोटी शंभराहून जास्त माणसं आत आली आणि त्यांत रिडिया आली, एरिथ आली, सायन आला. केफ्काही तिथेच होता. व्यापाराच्या रेट्याने का होईना, ज्याचं घर विषाने गेलं तो आणि ज्याने विष घातलं तो, दोघे एका कथेच्या छपराखाली आले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने तो गेम बंद केला. २००८ चा डिसिडिया जुन्या यंत्रात चकती घातली की आजही सुरू होतो. ऑपेरा ऑम्निया कंपनीच्या सर्व्हरवर जगत होता, तो आता कुणालाच खेळता येत नाही. सात वर्षं लिहिलेले संवाद, भेटी, समेट सगळं गेलं. आठवणी पुसणाऱ्या महानागाची गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांच्याच कंपनीने हे करावं, याचा मला मनापासून राग येतो. इंटरनेटशिवाय, सोडतीशिवाय चालणारी त्याची आवृत्ती काढणं अशक्य नाही. इतर काही जपानी कंपन्यांनी आपले बंद पडलेले मोबाइल गेम तसे जपले आहेत. स्क्वेअर एनिक्सने ते काम हाती घ्यावं आणि त्यासाठी चाहत्यांनी कंपनीच्या मागे लागावं. नव्या डिसिडियाची मागणी करण्याआधी ही मागणी व्हायला हवी, कारण डिसिडियात सायन फक्त तिथे होता.