कचऱ्यातील मणी

लातूर-नांदेडकडील तांड्यांवर वृद्ध बंजारा स्त्रियांच्या दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बांगड्या पूर्वी हस्तिदंताच्या वा हाडांच्या असत. आता त्या बहुधा प्लास्टिकच्या असतात. त्यात आम्हांस उणेपणा वाटत नाही. अमेरिकेत १८६९ च्या सुमारास हायट यांनी सेल्युलॉइड घडविले, तेही बिलियर्डच्या चेंडूंकरिता हस्तिदंतास पर्याय शोधताना. ज्यासाठी हत्ती मरत नाही, त्या दागिन्यास खोटा कसा म्हणावे?

मग फेकून दिलेली झाकणे धुऊन, कापून, मंद आचेवर मऊ करून कोणी मणी केले, तर तो दागिनाही खराच. (पीव्हीसी मात्र तापवू नये, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो.) ओवणारीचे श्रम खरे, तिची रंगांची निवड खरी. घरातील प्लास्टिकच्या जपमाळेस आपण कधी खोटी म्हटले आहे काय?

अडचण आहे ती आमच्या मनाची. अशी माळ घेताना आम्हांस फार हलके वाटते. जणू आठवडाभर फेकलेल्या पिशव्यांचा हिशेब चुकता झाला. दुसऱ्याच्या कष्टांनी आपले मन धुऊन घेणे किती सोपे! आणि तीच बाई किंमत सांगते, तेव्हा आम्ही घासाघीस करतो: "कचऱ्याचेच तर आहेत हे मणी!"