पुन्हा तोच डोंगर

"एक घाट विकला गेला की पुढची दहा वर्षं घाटच काढायचे!" एका चित्रप्रदर्शनात मागून शेरा आला. बोलणारे गृहस्थ चित्रं विकत घेणाऱ्यांपैकी असावेत. आवाजात बिल भरल्याचा अधिकार होता. राग आला, पण शेरा डोक्यातून जाईना.

फ्रेंच चित्रकार मोनेच्या बाबतीत तो सहज खोडताही येत नाही. १८९१च्या मे महिन्यात त्याने पॅरिसमध्ये एकाच विषयाची, मळणी व्हायच्या गव्हाच्या सुड्यांची, पंधरा चित्रं मांडली आणि ती हातोहात खपली. पण त्याच्याच काळातल्या सेझान या चित्रकाराचं काय? साँत-व्हिक्तुआर हा डोंगर त्याने तीसेक वेळा तरी तैलरंगात काढला, जलरंगातली चित्रं वेगळीच. गिऱ्हाइकांची रांग नव्हती आणि बँकर वडिलांच्या पश्चात पैशांची ददातही नव्हती. बाजाराचा हिशेब इथे लागू पडत नाही.

मग तोच डोंगर पुन्हापुन्हा का? तेव्हा माझं उत्तर तयार होतं: माया. डोंगराजवळच्या एक्स गावात वाढलेला, लहानपणी मित्राबरोबर, पुढे कादंबरीकार झालेल्या झोलाबरोबर, तिथल्याच टेकड्यांत उंडारलेला माणूस दुसरं काय काढणार?

या उत्तराला मोनेनेच सुरुंग लावला. त्याच १८९१ साली तो एप्त नदीकाठचे पॉप्लर रंगवत होता. तिथल्या गावाने ती झाडं लिलावात काढली. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला गाठलं, पदरचे पैसे घातले आणि झाडं उभी ठेवून घेतली. कायमची नव्हे, चित्रं पुरी होईपर्यंत! झाडांवर जीव असलेला माणूस असा सौदा करत नाही. सेझानचा डोंगर कोणी तोडायला निघालं नव्हतं, एवढंच. त्याच्या मायेची परीक्षा झाली नाही.

दोघांत फरक आहेच. मोनेसमोर उजेड बदलतो, आणि उजेड फिरला की तो कॅनव्हास बदलतो. सेझानला घड्याळाशी कर्तव्य नाही; त्याचा बदल चित्राच्या आत होतो. उशिराच्या चित्रांत घरं, शेतं, आभाळ सगळं एकाच जातीच्या चौकोनी फटकाऱ्यांनी बांधलेलं आहे, आणि कुठेकुठे शेतातला हिरवा सरळ आभाळात चढलाय. पहिल्या फेरीत हे धाडस होत नाही. १९०६च्या सप्टेंबरात, मृत्यूच्या दीडेक महिना आधी, त्याने मुलाला कळवलं होतं, की नदीकाठी जागा न सोडता नुसतं जरा उजवीकडे, जरा डावीकडे कललं तरी महिनोन्‌महिने पुरेल एवढं काम आहे. हे प्रेमपत्र नव्हे, कामाचा अहवाल आहे. काय काढायचं हा प्रश्न एकदाचा मिटलेला असतो. कसं काढायचं हा मिटत नाही, म्हणून माणूस परततो.

एकाच विषयाची दहा चित्रं समोर आली, तर पहिल्यात जे जमलेलं नाही ते दहाव्यात कुठे आलंय, ते शोधा. सापडलं नाही, तर खुशाल धंदा समजा.