रकान्यातला माणूस



शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात दावीद राजा आपल्या प्रजेची शिरगणती करतो. सेनापती यवाब त्याला विचारतो, महाराज, हे कशासाठी? राजा ऐकत नाही. इस्राएलात आठ लाख आणि यहूदात पाच लाख तलवार चालवणारे पुरुष आहेत, असे आकडे हाती येतात आणि लगेच राजाचे मन त्याला खाऊ लागते. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो : माणसे मोजण्यात पाप ते कोणते? ‘गणना’ नावाचे अख्खे पुस्तक बायबलमध्ये आहे. तिथे तर मोजण्याची आज्ञा खुद्द परमेश्वरानेच दिली आहे.

हा विषय आज घेण्याला कारण आहे. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ख्रिस्ती घरांत त्यावर बोलणे सुरू झाले आहे. “आपल्यात कुठे जात असते?” असे काही जण म्हणतात, तर काही जण हे ऐकून गप्प बसतात. स्वतःच्या घरातल्या गोष्टीचा शांतपणे विचार करणे कठीण असते, म्हणून मी तुम्हाला आधी जरा दूरच्या अंगणात नेतो.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॉबसन नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. हा सगळा शेतीचा, दलदलीचा मुलूख. कापूस आणि तंबाखू ही तिथली जुनी पिके, आणि मधून वाहते लम्बर नदी. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या आसपास भरली. दर दहा माणसांत साधारण चार मूळ अमेरिकन, म्हणजे ज्यांना तिथे ‘इंडियन’ म्हणतात ते. (कोलंबसच्या चुकीमुळे आपले नाव त्यांना चिकटले, ते अजून सुटलेले नाही.) गोरे पाव हिश्शाच्या जवळपास, आफ्रिकी वंशाचे कृष्णवर्णीय त्याहून किंचित कमी, आणि दहावा हिस्सा लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांचा. इतके वेगवेगळे समाज एका ग्रामीण काउंटीत, आणि त्यात कुणाचेच बहुमत नाही, असे त्या देशात क्वचित दिसते.

तिथले मूळ अमेरिकन लोक स्वतःला लम्बी म्हणवतात. हे नाव नदीवरून आलेले. पण ते नाव कागदावर येईपर्यंत काय काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १७९० साली अमेरिकेची पहिली जनगणना झाली तेव्हा माणसांचे रकाने असे होते : सोळा वर्षांवरील स्वतंत्र गोरे पुरुष, सोळा वर्षांखालील स्वतंत्र गोरे पुरुष, स्वतंत्र गोऱ्या स्त्रिया, ‘इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती’ आणि गुलाम. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम तीन पंचमांश धरला जाई. लॉकलियर, ऑक्सेंडाइन ही आज लम्बी समाजात घरोघरी आढळणारी आडनावे त्या यादीत ‘इतर सर्व’ मध्ये सापडतात. म्हणजे गोरे नाहीत, गुलाम नाहीत, एवढीच त्यांची ओळख. १८३५ मध्ये राज्याने घटना बदलली आणि गोऱ्या नसलेल्या स्वतंत्र माणसांचा मतदानाचा हक्क गेला. १८८५ मध्ये राज्याने त्यांना ‘क्रोएटन इंडियन’ म्हणून मान्यता दिली आणि वेगळ्या शाळा दिल्या. पुढे १९११ मध्ये नाव बदलले, १९१३ मध्ये पुन्हा बदलले, आणि १९५३ मध्ये ‘लम्बी’ झाले. माणसे तीच, गावे तीच, नदी तीच.

यातला सर्वात बोलका प्रसंग १९३६ चा आहे. १९३४ च्या एका कायद्यानुसार ज्याच्यात निम्मे किंवा अधिक ‘इंडियन रक्त’ असेल त्याला काही सवलती मिळणार होत्या. रक्ताचे माप ठरवायला सरकारने हार्वर्ड विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ कार्ल सेल्टझर यांना रॉबसनला पाठवले. त्यांनी डोक्याचा घेर मोजला, नाकाची रुंदी मोजली, केस तपासले, कातडीचा रंग पाहिला. २०९ जणांना तपासले आणि २२ जण पात्र ठरवले. सख्ख्या भावंडांतला एक इंडियन ठरला आणि दुसरा ठरला नाही. एका आईच्या पोटची, एका ताटात जेवलेली मुले. त्या आईने संध्याकाळी घरी काय सांगितले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पॉर्फिरी नावाच्या तिसऱ्या शतकातल्या विचारवंताचे छोटे पुस्तक आमच्या वाट्याला येई. एखाद्या गोष्टीचे सारतत्त्व कोणते आणि तिला येऊन चिकटलेला आगंतुक गुण कोणता, हा भेद तो समजावतो. काही आगंतुक गुण कधीच सुटत नाहीत, असे सांगून तो उदाहरण देतो कावळ्याच्या आणि इथिओपियन माणसाच्या काळ्या रंगाचे. रंग सुटत नाही हे खरे. पण पांढरा कावळा मनात आणता येतो आणि तो कावळाच राहतो. इथिओपियन माणसाचा रंग गेला अशी कल्पना केली तरी तो माणूस उणा होत नाही. सोळा शतकांनंतर माणसाचे सारतत्त्व नाकाच्या रुंदीत शोधणाऱ्यांनी हे पान उलटून पाहिले असते तर बरे झाले असते.

पण इथे थांबून चालणार नाही. पुष्कळ सज्जन माणसे इथेच थांबतात. रंग, वंश, जात हे सारतत्त्व नाही, तर मग मोजता कशाला? रकानेच पुसून टाका, सगळे माणूसच! ऐकायला हे गोड वाटते, आणि बहुधा ज्याला रकान्याने कधी टोचले नाही तोच हे म्हणतो. १८३५ मध्ये मत गेले ते ‘माणसांचे’ गेले नाही, विशिष्ट माणसांचे गेले. रॉबसनमध्ये कित्येक दशके तीन प्रकारच्या शाळा होत्या : गोऱ्यांच्या, कृष्णवर्णीयांच्या आणि इंडियनांच्या. कोणाच्या शाळेला पैसा किती, कोणाच्या वस्तीतून प्रतिनिधी निवडून येतो आणि कोणाच्या नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. १९६५ चा अमेरिकेतला मतदान हक्क कायदा अशा आकड्यांवाचून पांगळा आहे. आगंतुक गुण खरा नसतो असे पॉर्फिरी म्हणत नाही. तो माणसाची व्याख्या करत नाही, एवढेच. आयुष्य मात्र मोडू शकतो.

निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात शिरगणतीचा एक नियम आहे. मोजल्या जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल परमेश्वराला अर्पण करायचा. श्रीमंताने अधिक द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. माझ्या मते दावीदाच्या गणतीतली खोट इथे उघड होते. ज्याला मोजतो तो मोजणाऱ्याच्या मालकीचा नव्हे, ही आठवण त्या अर्ध्या शेकेलात होती. दावीदाने तलवारी मोजल्या. सेल्टझर यांनीही माणसे मोजली ती कोणाला द्यायचे नाही हे ठरवायला.

मग माणूस कोण हे ठरवावे कोणी? अमेरिकेत १९६० पासून हळूहळू गणकाऐवजी माणूस स्वतःच आपला वंश लिहू लागला आणि २००० पासून एकाहून अधिक चौकटींत खूण करता येऊ लागली. त्याआधीचा प्रकार आपल्याही लोकांनी भोगला आहे. १९२०, १९३० आणि १९४० च्या तिथल्या जनगणनेत भारतातून आलेल्यांच्या वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असे लिहीत, मग तो माणूस शीख असो की मुसलमान. आपल्यातला कोणी मिस्सा ऐकून घरी परतला असता तरी तो वंशाने हिंदूच! तेव्हा स्वतः सांगणे हे मोठे पाऊल आहे. पण तेही पुरे नाही. मी उद्या म्हणालो की मी लम्बी आहे, तर मी लम्बी होत नाही. त्या समाजाचा सदस्य व्हायला पूर्वज दाखवावा लागतो आणि समाजाशी संबंध राखलेला असावा लागतो. दोन लम्बी माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, “तुझी माणसं कोण?” आपल्याकडच्या म्हाताऱ्या नाही का पोराला थांबवून विचारत, “कुणाचा रे तू?” अॅरिस्टॉटलच्या मते नाते हा पदार्थांतला सर्वात दुबळा प्रकार. मला त्याचे हे कधी पटलेले नाही.

मात्र नात्याची भिंतही होते. १८८५ नंतरच्या त्या इंडियन शाळांत कृष्णवर्णीय मुलांना मज्जाव होता, आणि या दोन समाजांतले विवाह कायद्याने रद्दबातल ठरत. ज्याला खालच्या पायरीवर ढकलले जाते त्याला आणखी खाली कोणीतरी हवा असतो. आणि तरीही त्याच शाळा लम्बींनी स्वतःच्या हातांनी उभारल्या, त्यांतून शिक्षक घडवले. १८८७ च्या त्यांच्या अध्यापक शाळेचे आज पेम्ब्रोकला विद्यापीठ झाले आहे. १९७० च्या सुमारास सर्व शाळा एक करण्याचा हुकूम आला तेव्हा अनेक लम्बी पालकांनी विरोध केला. बाहेरून लादलेला रकाना तोवर त्यांचे घर झाला होता. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि बरोबर म्हणायलाही.

१९५६ मध्ये अमेरिकन संसदेने लम्बींना नावाने मान्य केले आणि त्याच कायद्यात लाभ नाकारले. पूर्ण मान्यता मिळायला डिसेंबर २०२५ उजाडला. एकोणसत्तर वर्षे त्यांना सांगितले गेले, तुम्ही आहात, पण नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत गणला जात नाही. धर्म बदलला की जात संपते, असे कागद सांगतो. लग्न जुळवताना ती संपलेली नसते, हे या धर्मग्रामात वेगळे सांगायला नको. म्हणून गणक दारात येईल तेव्हा “आमच्यात जात नाही” असे घाईने कोणी म्हणू नये, आणि शेजारच्या घराने काय सांगायचे तेही ठरवू नये. आधी एक संध्याकाळ रोझरीनंतर घरात बसा. आजी-आजोबांना विचारा की आपली माणसे कोण, कुठून आली, त्यांना विहिरीवर, शाळेत आणि हो, चर्चच्या बाकावरही कुठे बसवले जात होते. त्यांना सांगायचे नसेल तर आग्रह करू नका.