माहूरगडची मुखरूपिणी श्रीरेणुकामाता

॥ श्री रेणुकादेवी प्रसन्न ॥

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या वळणात, सागवनाने वेढलेल्या डोंगरावर श्रीक्षेत्र माहूर वसले आहे. कोल्हापूरची श्रीमहालक्ष्मी, तुळजापूरची श्रीभवानी, माहूरची श्रीरेणुका ही तीन पूर्ण पीठे व वणीची श्रीसप्तशृंगी हे अर्धे पीठ, अशी महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांची गणना आहे. पायऱ्या चढून गाभाऱ्यासमोर आलेला भाविक प्रथमदर्शनी स्तब्ध होतो. येथे सर्वांगसुंदर उभी मूर्ती नाही, सिंहावर आरूढ झालेली अष्टभुजा नाही. भूमीतून वर आलेले, शेंदराने माखलेले, विशाल नेत्रांचे केवळ मुख येथे आहे. अशा स्वयंभू रूपास आपल्याकडे तांदळा म्हणतात. नवागत भाविक हमखास विचारतो, की आईचे उर्वरित शरीर कोठे आहे? या प्रश्नाच्या उत्तरातच क्षेत्राचे सारे माहात्म्य साठवलेले आहे.

कामधेनूच्या लोभाने सहस्रार्जुनाने जमदग्नी ऋषींचा आश्रम उद्ध्वस्त केला व त्या वैरात ऋषींचा वध झाला. पित्याचा अंत्यसंस्कार कोऱ्या भूमीवर, म्हणजे जेथे पूर्वी कोणाचेही दहन झालेले नाही अशा जागी व्हावा, असा संकेत मिळाल्यावर परशुरामाने कावड खांद्यावर घेतली. एका पारड्यात पित्याचा देह व दुसऱ्यात शोकाकुल माता, अशी ती कावड घेऊन तो रानोमाळ फिरला. माहूरच्या डोंगरावर श्रीदत्तात्रेयांनी त्यास थांबवले आणि हीच ती कोरी भूमी असल्याचे सांगितले. परशुरामाने बाण मारून तीर्थे निर्माण केली, मातृतीर्थ त्यांपैकीच होय. दत्तात्रेयांनी आचार्यत्व पत्करले, विधी पार पडले आणि रेणुकामातेने पतीसह सहगमन केले.

पृथ्वीवर ज्याच्या परशूपुढे कोणी उभा राहू शकला नाही, तो वीर मग आईसाठी लहान मुलासारखा रडू लागला. तेव्हा आकाशवाणी झाली, की तुझी माता भूमीतून प्रकट होईल, मात्र तू मागे वळून पाहू नकोस. परशुरामास धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले. तोवर मातेचे मुख तेवढे वर आले होते, ते तसेच राहिले.

या कथेचा अर्थ बहुधा उतावीळपणाचे फळ असा लावला जातो. तो अर्थ खोटा नाही, परंतु अपुरा आहे. महाभारताच्या वनपर्वात याच माता-पुत्रांची आणखी एक कथा आहे आणि ती सांगताना पुष्कळ कीर्तनकारही अडखळतात. जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजास पाहून रेणुकेचे मन क्षणभर विचलित झाले. क्रुद्ध जमदग्नींनी मातेच्या वधाची आज्ञा केली. चार वडील पुत्रांनी ती पाळली नाही व ते शापित झाले. धाकट्या रामाने परशू उचलला. प्रसन्न झालेल्या पित्याकडे त्याने वर मागितले, त्यांत पहिला मातेच्या पुनर्जीवनाचा होता. तिला या वधाची आठवण राहू नये, हाही एक होता. भावांची सुटकाही त्याने मागितली.

ही आज्ञा योग्य होती काय, असे आजची सुशिक्षित पिढी, विशेषतः कन्या व सुना, उघडपणे विचारतात. त्यांना गप्प करणे धर्माला शोभणारे नाही. पितृभक्तीचा गौरव म्हणूनच ती कथा सांगितली, तर ऐकणाऱ्या माऊलीच्या मनात कळ उठतेच. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आईने विसरावे, हा वर परशुरामाने मागितला. आपल्याला पापाचा स्पर्श होऊ नये, हेही मागितले. परंतु आपणासही विसर पडावा, असे मात्र मागितले नाही. आई विसरली, मुलाच्या स्मरणात ते राहिले. ज्या हाताने मस्तक वेगळे केले, त्या हाताच्या धन्याने माहूरगडावर वळून पाहिले, तेव्हा त्यास दिसले ते आईचे मस्तकच! शासन म्हणून नव्हे, तर वात्सल्याने भरलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहणारे. दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे गाभाऱ्यातील त्या मुखाकडे पाहताना मन वेगळेच होते. आईला दुखावलेली मुले जगात पुष्कळ आहेत. गावाकडे आजारी आईला एकटी सोडून येथे भरजरी साडी अर्पण करणारा दाताही या मुखापुढे उभा राहतो आणि तिचे डोळे त्याच्याकडेही तसेच पाहतात. साडी तिला पोहोचते. पण त्याने गावाकडची वाट धरावी, हे तिला अधिक प्रिय असावे.

दक्षिणेत हीच रेणुका यल्लम्मा होते. कर्नाटकातील सौंदत्तीचे तिचे स्थान प्रसिद्ध आहे व तेलंगणात गावोगावी एल्लम्मा पूजिली जाते. तिकडच्या कथेत परशूच्या घावानंतर रेणुकेचे व एका अंत्यज स्त्रीचे मस्तक परस्परांच्या धडावर जोडले गेले, म्हणून दोघीही पूज्य ठरल्या, असे सांगतात. कथा निराळी, तरी मस्तकाचे महत्त्व तेच. द्राविडी भाषांत ऊर म्हणजे गाव, म्हणून आईचे गाव ते माहूर, अशी व्युत्पत्तीही लोकप्रिय आहे. मातापूर हे नाव तर परंपरेत आहेच.

गोंधळाची परंपराही या मातेशी जोडलेली आहे. बेटासुराला मारून, त्याच्या मस्तकास शिरांची तार लावून परशुरामाने वाद्य केले आणि ते वाजवीत तो मातेच्या वंदनास आला, तो पहिला गोंधळ, असे गोंधळी सांगतात. त्यांच्यातील रेणुराई शाखा माहूरच्या देवीची, तर कदमराई तुळजाभवानीची उपासक होय. लग्नकार्यानंतर घरी गोंधळ घालून मग गडावर येण्याचा कुळाचार मराठवाडा व विदर्भातील अठरापगड जातींत आहे.

गडाचा इतिहास मोठा आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांतील श्रीदत्तात्रेय प्रभूंचे हे स्थान. दत्तभक्तांच्या श्रद्धेनुसार महाराज निद्रेसाठी माहुरास येतात. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने आलेली व शिवरायांना शरण जाण्याचा शहाणा सल्ला देणारी रायबागन येथल्याच देशमुख घराण्यातील होती. असो.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होऊन नवरात्र सुरू होते, तेव्हा दर्शनाची रांग लांबच लांब असते. तासन्‌तास उभे राहून क्षणभरच दर्शन झाले, अशी तक्रार कानी येते. ती रास्तही आहे. पण परशुरामास तरी किती वेळ मिळाला होता?

येथील मुख्य प्रसाद तांबूलाचा. विड्याची पाने व इतर साहित्य खलबत्त्यात कुटून केलेला हा विडा देवीच्या मुखी देतात व तोच भाविकांच्या हातावर ठेवतात. दात नसलेल्या म्हातारीलाही तो खाता येतो. गडावर येऊ न शकलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी तो पानात बांधून न्यावा. देवीदर्शनानंतर श्रीदत्तशिखर व श्रीअनसूयाशिखर यांचे दर्शन घेऊन, उतरताना मातृतीर्थावर थांबण्याचा प्रघात आहे.