आवडीचें माप

अमुक वाचकाला कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ ग्रंथपालाच्या सोयीचा वाटतो. परंतु जरा खोल गेल्यास त्याच्या तळाशीं एक नैतिक प्रश्न आढळतो : दुसऱ्याचें हित कशांत आहे, हें ठरविण्याचा अधिकार कोणाला व कोठवर? अद्भुत कादंबऱ्यांच्या बाबतींत तर हा प्रश्न विशेषच टोंचतो. कारण त्या मागणाऱ्याकडे आपण सुशिक्षित लोक किंचित् दयेनेंच पाहत असतों.

मीहि तसाच पाहत होतों. येथें शेवगावांत आमच्या शेजारीं एक वृद्ध मावशी राहत. ऐन तारुण्यांत वैधव्य आलेलें; वाचनाची हौस मात्र दांडगी. "कांहीं चमत्काराचं द्या," असें त्यांनीं सांगितलें असतां मीं त्यांना हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' नेऊन दिली. विधवेच्या दुःखाचें तें चित्र त्यांच्या अंतःकरणास भिडेल, असा माझा तर्क. चार दिवसांनीं पुस्तक परत करतांना त्या म्हणाल्या, "सर, पुस्तक खरं आहे हो, पण यांतलं सगळं मी भोगून बसले आहे. जिथं मी कधी गेले नाही, तिथलं कांहीं द्या." मी खजील झालों. त्यांची अभिरुचि सुधारण्याच्या भरांत त्यांचें मागणें ऐकून घेण्यासच मी विसरलों होतों.

हा वाद मराठींत नवा नाहीं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, व १८६८ मध्यें नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. आपल्या लोकांच्या नित्य जीवनांत मन रमेल असे गुणहि नाहींत व दुर्गुणहि नाहींत, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाची कबुली रिसबुडांनीं प्रस्तावनेंत दिली होती. पुढें १८७२ सालीं काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयींच्या आपल्या निबंधांत अशा असंभाव्य कथानकांवर टीका केली. साहित्याच्या वाढीच्या दृष्टीनें ती आवश्यकच होती. परंतु साहित्याला काय हवें आणि अमक्या वाचकाला आज काय हवें, हे प्रश्न एक नव्हेत.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनीं १९३९ सालीं परीकथांवर दिलेल्या व्याख्यानांत एक मार्मिक भेद केला आहे. कैद्यानें तुरुंगाबाहेरचें जग आठवणें आणि शिपायानें रणांतून पळ काढणें यांची गल्लत करूं नये, असें त्यांचें सांगणें. मला त्यांत एवढीच भर घालावीशी वाटते, कीं एकच पुस्तक एकाला सुटका व दुसऱ्याला पळवाट होऊं शकतें. भेद पुस्तकांत नसून वाचकाच्या जीवनांत असतो. आणि तें जीवन त्याला विचारल्यावांचून कळत नाहीं.

मग जो जें मागेल तें द्यावें, एवढ्यानें प्रश्न मिटला काय? तसेंहि नाहीं. माझा एक विद्यार्थी जादूगारांच्या व राक्षसांच्या कादंबऱ्यांवाचून दुसरें कांहीं वाचीत नसे. हल्लीं मोबाइलवर, एक पुस्तक वाचून संपतें न संपतें तोंच तसेंच दुसरें सुचविलें जातें. मीहि दोन वर्षें तेंच केलें. एके दिवशीं तो म्हणाला, "सर, आतां शेवट आधींच कळतो." अद्भुतरसाचा स्थायी भाव विस्मय, असें आपले साहित्यशास्त्रकार सांगतात. आवड ही परिचयानें घडते, विस्मय अपरिचितानें जागा होतो. म्हणून अद्भुत हें आवडीच्या मापानें तंतोतंत बेतूं गेलें, कीं तें अद्भुत राहतच नाहीं. मावशींनीं परत केलेली तीच कादंबरी मीं त्याला दिली. ती वाचून त्यानें विचारलें, "हें सारं खरंच घडत होतं?" त्याच्या डोळ्यांत विस्मय होता.

शेवगावाहून पैठण फार दूर नाहीं. कथासरित्सागरांत सांगितलें आहे, कीं तेथील सातवाहन राजानें गुणाढ्याची सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा, ती पैशाची भाषेंत आहे म्हणून, नाकारली. गुणाढ्य अरण्यांत एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नींत टाकूं लागला. पशु चरणें सोडून ऐकत राहिले. राजा धांवत आला, तेव्हां एक लक्ष श्लोकच उरले होते. राजाची आवड हेंच माप धरल्यामुळें सहा लक्ष जळाले!

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं मांडलेल्या पांच सूत्रांत, वाचकाला त्याचें पुस्तक मिळावें, याच्या पाठोपाठ पुस्तकालाहि त्याचा वाचक मिळावा, असें सूत्र आहे. पहिलें आवडीचा मान राखतें, दुसरें तिच्या कुंपणापलीकडे पाहतें. म्हणून मी आतां मागितलेलें पुस्तक आधीं देतों. त्यासोबत न मागितलेलें एक ठेवतों, आणि तें न वाचतां परत आलें तरी कारण विचारीत नाहीं. दुसऱ्याच्या हिताची चिंता करावी. पण नाकारण्याचा त्याचा हक्क राखून. याहून अधिक अधिकार मला तरी आपला वाटत नाहीं.