आधी उत्तर, मग नाव-गाव

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात कर्वे वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत, आणि तीच उत्तरं गुन्हा ठरवली गेली होती. बाबासाहेबांची भूमिका थोडक्यात अशी होती: मासिक या विषयालाच वाहिलेलं आहे, वाचकाला शंका आहे आणि तो ती विचारतो आहे, तर त्याला उत्तर मिळायला हवं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

पुढे १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. १९९४ मध्ये इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. त्या नामांतरासाठी लोकांनी किती सोसलं हे मराठवाड्याला सांगायला नको. त्या विद्यापीठाच्या आणि आसपासच्या कॉलेजांच्या भरवशावर बीड, जालना, परभणी, हिंगोलीच्या गावांतून मुलंमुली आज छत्रपती संभाजीनगरात येतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, स्पर्धा परीक्षेचे क्लास करतात. त्यातल्या एखादीची पाळी पंधरा दिवस पुढे गेली, तर ती कोणाला विचारते? मैत्रिणीला आणि मोबाइलला. मुलाला जननेंद्रियावर फोड दिसला तर तोही मोबाइललाच विचारतो, नाहीतर बसस्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्याच्या कागदावरचा नंबर फिरवतो. दवाखान्याची पायरी हे दोघंही सगळ्यात शेवटी चढतात.

आणि या शहरात दवाखान्यांची वाण नाही. १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला सगळा मराठवाडा घाटी म्हणतो. बाळंतपणासाठी तिथे मराठवाड्यातूनच नव्हे, शेजारच्या बुलडाणा, जळगाव, नगरकडूनही बायका येतात. महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, खाजगी प्रसूतिगृहांच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. निरोध, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी, हे सगळं सरकारी केंद्रात फुकट आहे. लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे लक्षणांनुसार करड्या, हिरव्या, निळ्या, लाल रंगाच्या औषधांच्या पेट्या ठरलेल्या आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या दवाखान्यांना महाराष्ट्रात ‘मैत्री’ असं छान नाव आहे.

तरी माणूस तिथवर पोचत नाही. कारण मधे एक खिडकी आहे.

केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहून पाहावं. रांग दाटीची, आतला माणूस घाईत, त्याला बिचाऱ्याला दिवसभर हेच काम. तो मोठ्याने विचारतो: नाव? वय? गाव? काय होतंय? बाईमाणूस असेल तर पुढचा प्रश्न, लग्न झालंय का? मागे उभ्या असलेल्या दहाजणांत एखादा आपल्याच तालुक्याचा निघायची भीती असते. मग ती मुलगी सांगते, ‘पोटात दुखतंय.’ तिला सर्वसाधारण ओपीडीचा कागद मिळतो, आणि ज्यासाठी आली ते तोंडातून निघतच नाही. तिथे पाटी, भिंतीवरचं चित्र, फुकट औषध, सगळं असतं. फक्त हळू आवाजात बोलायची सोय नसते.

ही सोय करता येते, हे एचआयव्हीच्या कामाने दाखवून दिलं आहे. तिथे समुपदेशकाची वेगळी खोली असते, आधी बोलणं होतं, मग संमती, मग रक्त. २०१७ च्या कायद्याने ती गुप्तता बंधनकारकही केली. साथीच्या भीतीपोटी का होईना, आपण एका आजारासाठी दार बंद करून बोलायला शिकलो. मग पाळीसाठी, तांबीसाठी, नको असलेल्या गर्भासाठी ते दार उघडं ठेवण्याचं कारण काय?

नको असलेल्या गर्भाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कायदा काय म्हणतो आणि लोक काय समजतात यात सर्वाधिक अंतर इथेच आहे. गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्याने, त्यात घातलेल्या अटींवर, वैध आहे. तरी शिकलेली माणसंही ‘ते बेकायदा असतं ना?’ असं विचारतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत जाता येतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण पूर्वी विवाहितेपुरतं होतं. आता कायद्यात ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चोवीस आठवड्यांच्या मुदतीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. आणि सही? स्त्री अठरा वर्षांची असेल तर संमतीच्या अर्जावर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

प्रत्यक्षात ‘मिस्टरांना घेऊन या’ हे वाक्य किती बायकांना ऐकावं लागतं! डॉक्टरची बाजूही समजून घ्यायला हवी. उद्या नातेवाईक तोडफोड करायला येतील, ही त्यांची भीती खोटी नाही. मराठवाड्यात आणखी एक सावली आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजलं. त्यानंतर तपासण्या वाढल्या, आणि वाढायलाच हव्या होत्या. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे आणि तो करणाऱ्याला दया दाखवायचं कारण नाही. पण त्या धाकाने प्रत्येक गर्भपात संशयित ठरला. गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच अनेक औषध दुकानदारांनी बंद केलं. चिठ्ठी असली तरी ‘नाही’ म्हणतात. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात, आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्याआधी धड कळत नाही. म्हणजे या गोळ्या अडवून मुली वाचत नाहीत. जी बाई सातव्या आठवड्यात घरच्या घरी सुटली असती, ती चौदाव्या आठवड्यात भोंदूच्या हाती जाते, एवढंच होतं.

अठराच्या आतल्या मुलींची गत याहून अवघड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत प्रमाण याहून पुष्कळ वर आहे. अशी मुलगी गरोदर राहिली की बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मग घरचे वय वाढवून सांगतात, नाहीतर दवाखान्यातच आणत नाहीत. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने एक वाट काढून दिली आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर गर्भपातासंबंधीच्या त्या कळवण्यात डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही वाट किती डॉक्टरांना आणि किती ठाणेदारांना ठाऊक आहे?

माहिती न मिळण्याची किंमत काय असते, हे बघायला संभाजीनगरहून फार लांब जावं लागत नाही. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या ‘पिशव्या’ काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागचं अर्थकारण उघड आहे. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पाळीच्या दिवशी बसलं तर खाडा, फडावर ना संडास ना आडोसा. अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई डॉक्टरकडे गेली, तर तिला कॅन्सरची भीती घातली जाई आणि पिशवी काढायचा सल्ला मिळे. आठवड्याच्या औषधाने जाणारा जंतुसंसर्ग, आणि त्यासाठी तिशीतच गर्भाशय गमावायचं!

हे १९८९ पासून ठाऊक असायला हवं होतं. त्या वर्षी डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाने त्या अभ्यासातून धडा घेतला. आपल्याकडे फडावरची बाई अजून अंगावर काढते, आणि सहन होईना झालं की थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाते.

पुरुषाचा या सगळ्यात हिशोबच लागत नाही. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात स्त्री-नसबंदी ४९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.४ टक्के आहे. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी सोडणारं. तरी घरात ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते बाईचंच. सरकारच्या नियमात नवऱ्याची संमती बंधनकारक नसताना बाईच्या ऑपरेशनला त्याची परवानगी लागते, आणि स्वतःच्या ऑपरेशनचं नाव त्याच्यासमोर कोणी काढत नाही.

शाळेकडे वळलं तर चित्र विचित्र आहे. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तकावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम राज्यात थांबला. दुसरीकडे, २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. त्यात मासिक पाळीचं चक्र आहे, कृत्रिम गर्भधारणेचं तंत्र आहे, सरोगसीसुद्धा आहे. धडा चांगला आहे आणि परीक्षेला येतो. तरी अनेक वर्गांत तो ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो, किंवा मुलामुलींना वेगळं बसवून पंधरा मिनिटांत संपवला जातो. ज्या मुलीला सोळाव्या वर्षी उजवायचं ठरलेलं असतं, तिच्यासाठी ते शेवटचं पुस्तक असतं.

म्हणून मराठवाड्यातल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे: येत्या सत्रात तो धडा वर्गातच शिकवा, मुलामुलींना एकत्र बसवून. शिक्षकांना संकोच वाटत असेल तर जवळच्या केंद्रातल्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाला बोलवा. ते त्यांचं कामच आहे. मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव न घालता प्रश्न लिहू द्या, आणि एकही चिठ्ठी उत्तराविना राहू देऊ नका. डॉक्टरांनो, संमतीच्या अर्जावर दुसऱ्या सहीसाठी रेघ ओढली असेल तर ती खोडा. आणि केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न विचारू नका. तो प्रश्न डॉक्टर आत, दार लावून, गरज पडली तर विचारतील.