शत्रूला दिलेला शब्द

परिस्थिती पालटल्यावर शत्रूला दिलेला शब्द बंधनकारक राहतो काय? आयरिश सरदार पॅट्रिक सार्सफील्ड याच्या चरित्रातून हा प्रश्न उभा राहतो. पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्या पक्षाच्या या सेनानीने १६९० मध्ये बॅलिनीटी येथे, लिमेरिकच्या वेढ्यासाठी निघालेला तिसऱ्या विल्यमचा तोफखाना उद्ध्वस्त केला. मात्र ३ ऑक्टोबर १६९१ रोजी त्याच लिमेरिकमध्ये त्याला तह करावा लागला. सैन्याला फ्रान्सला जाण्याची मुभा आणि कॅथलिकांना दुसऱ्या चार्ल्सच्या काळाइतके धर्मस्वातंत्र्य, ही त्यातील प्रमुख कलमे. त्यानंतर अल्पावधीतच फ्रेंच आरमार शॅननच्या मुखाशी येऊन ठेपले. तरीही सार्सफील्डने तह मोडला नाही. हजारो सैनिकांसह तो फ्रान्सला गेला आणि १६९३ मध्ये लँडेनच्या लढाईतील जखमांनी मरण पावला.

प्रतिपक्षाने मात्र १६९५ मध्येच कॅथलिकांना शस्त्रबंदी केली आणि १६९७ मध्ये आयरिश पार्लमेंटने तहाला संमती दिली ती त्यातील आश्वासने छाटून.

तेव्हा सार्सफील्ड चुकला काय? प्रतिपक्षाच्या सचोटीवर अवलंबून असलेले वचन हे वचन नव्हे, सौदा होय. आणि विश्वासघाताचा दोष विश्वासघातक्याचाच. तथापि सेनानीचा शब्द त्याच्या एकट्याचा नसतो. त्याचे मोल मागे राहिलेल्या, ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा प्रजेने पिढ्यान्‌पिढ्या चुकवले. सार्सफील्डचे आचरण निर्दोष ठरते. पण त्या निर्दोषतेने हे ऋण फिटत नाही.